कंट्रोल लाइन विमानाला कोणतं इंजिन लावावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये कंट्रोल लाइन उडवलेलं, म्हणजे हातातल्या हँडलला दोन तारांनी बांधलेलं, आपल्याभोवती गोल उडणारं मॉडेल विमान. मध्ये बरीच वर्षं गेली, आता पुन्हा सुरुवात करायची आहे, मैदान गावाबाहेरचं आहे. बाल्साच्या हलक्या लाकडातून 42 इंची रिंगमास्टर कापून तयार आहे, म्हणजे चपट्या बॉडीचं, प्रोफाइल विमान. हाताशी तीन इंजिनं आहेत: कुणाच्या तरी संग्रहातून आलेलं फॉक्स 35 स्टंट, एक वापरलेलं ओएस एलए 25, आणि एका आरसीवाल्या (रेडिओ कंट्रोलची विमानं उडवणाऱ्या) मित्राने देऊ केलेलं बॉल बेअरिंगचं 46. मित्राचं म्हणणं, "मोठं लाव, ताकद कधी वाया जात नाही." तर यातलं कोणतं?

एलए 25 लावा. कारणं सांगतो, कारण पुढचं विमान बांधाल तेव्हा तुम्हाला हाच हिशेब पुन्हा करायचा आहे.

आधी आकड्यांचा खुलासा, कारण नव्या लोकांचा इथेच घोळ होतो. 25, 35, 46 हे आकडे घनइंचाचे शतांश आहेत. 15 म्हणजे 2.5 सीसी, 25 म्हणजे साधारण 4.1 सीसी, 35 म्हणजे 5.7, 46 म्हणजे 7.5 आणि 60 म्हणजे सुमारे 10 सीसी. कॉक्सचं 049 हे 0.8 सीसीचं. एनसीसीत तुम्ही बहुधा 1.5 किंवा 2.5 सीसीचं डिझेल हाताळलं असेल. त्याकडे नंतर येतो.

आरसी विमानात थ्रॉटल असतो. ताकद जास्त झाली तर काडी खाली घेता येते. आपल्याकडे ती सोय नाही. इंधनाचं प्रमाण ठरवणारी सुई, म्हणजे निडल, जमिनीवर जिथे ठेवली, तिथून टाकी संपेपर्यंत इंजिन स्वतःच्या बुद्धीने चालतं. म्हणून आरसीवाला विचारतो "किती जोर आहे?" आणि आपण विचारायचं असतं "चढताना काय करतं, उतरताना काय करतं?" याचं उत्तर कॅटलॉगमधल्या हॉर्सपॉवरच्या आकड्यात सापडत नाही.

हे का महत्त्वाचं आहे ते कागदावर मांडून बघा. 18 मीटरच्या लाइन्स, त्यात तुमचा हात आणि अर्धा पंख धरला तर विमानाच्या मध्यापर्यंत त्रिज्या साधारण 19 मीटर. एका फेरीत सुमारे 119 मीटर अंतर. फेरीला 5 सेकंद लागत असतील तर वेग सेकंदाला 24 मीटर, म्हणजे ताशी 86 किलोमीटर. या वेगाला लाइन्सवरचा ताण विमानाच्या वजनाच्या तिप्पट येतो. रिंगमास्टर 800 ग्रॅमचं झालं तर हातात 2.4 किलोची ओढ. हे झालं सपाट उड्डाणात.

आता विमान डोक्यावर घ्या. तिथे गुरुत्वाकर्षण त्याला तुमच्याकडे खाली ओढतं, म्हणजे ताणातून एक वजन वजा. वेग तोच राहिला तर 2.4 चे 1.6 किलो उरतात, काही हरकत नाही. पण वेग तोच राहत नाही ना! विमान 19 मीटर वर चढलंय. सपाट उड्डाणात इंजिनाचा जोर हवेच्या रोधात पुरता खर्च होतो. चढताना इंजिनाने जास्तीचं काहीच दिलं नाही असं धरलं, तर चढण्याची किंमत वेगातून वळती होते. गणित करा: सेकंदाला 24 मीटरवर निघालेलं विमान डोक्यावर पोचतं तेव्हा वेग 14 मीटरच्या आसपास उरतो. आणि 19 मीटर त्रिज्येवर ज्या वेगाला डोक्यावरचा ताण शून्य होतो तो वेग आहे सेकंदाला 13.7 मीटर. प्रत्यक्षात वेग घटला की रोधही घटतो, त्यामुळे निकाल इतका वाईट येत नाही, पण मुद्दा लक्षात आला असेल. ओव्हरहेड एट, म्हणजे डोक्यावर इंग्रजी 8 चा आकडा, करताना लाइन्स ढिल्या पडून विमान अंगावर येतं ते इंजिन 'कमी ताकदीचं' म्हणून क्वचितच. बहुतेक वेळा ते चढावर जोर वाढवत नाही म्हणून.

मग ताकदच इतकी लावू की वेग पडणारच नाही, असं का नको? कारण तोच जोर उतारावर मुळावर येतो. लूपच्या खालच्या टोकाला विमान वेग घेऊन येतं, इंजिन आणखी ढकलतं, लूप मोठा होतो आणि दीड मीटर उंचीवर सपाट व्हायचं ते गवतात सपाट होतं. शिवाय फेरी 4 सेकंदांवर आली की ताण 800 ग्रॅमच्या विमानालाही जवळजवळ चार किलो होतो, आणि वीस वर्षांनी पुन्हा गोल फिरायला लागलेल्या माणसाला चौथ्या-पाचव्या फेरीत गरगरायला लागतं ते वेगळंच.

म्हणजे आपल्याला हवंय असं इंजिन, जे चढावर आपणहून जोर लावेल आणि उतारावर आपणहून हात आखडता घेईल. कंट्रोल लाइनच्या स्टंटवाल्यांनी हे दोन रस्त्यांनी साधलं आहे, आणि तुमच्या पेटीतली पहिली दोन इंजिनं या दोन रस्त्यांचे अगदी चांगले नमुने आहेत.

पहिला रस्ता फॉक्स 35 चा. ड्यूक फॉक्सने 1940 च्या दशकाच्या अखेरीस हे इंजिन खास स्टंटसाठी बाजारात आणलं, आणि पन्नासच्या दशकात जॉर्ज ऑल्ड्रिचच्या नोब्लर या स्टंट विमानावर या इंजिनाने जो पायंडा पाडला तो पुढची तीस वर्षं टिकला. 10 इंच व्यासाचा 6 पिचचा प्रॉप (पंखा; पिच म्हणजे एका फेऱ्यात तो हवेत जितके इंच पुढे सरकेल ते अंतर), मिश्रण मुद्दाम ओलं, म्हणजे इंधन जास्त. सपाट उड्डाणात ते एकाआड एक फेऱ्यालाच पेट घेतं; आवाज जाड, घोगरा येतो, त्याला आपण फोर-स्ट्रोकिंग म्हणतो. इंजिन टू-स्ट्रोकच असतं बरं का, फक्त जादा इंधनामुळे प्रत्येक फेऱ्याला पेटत नाही. विमानाचं नाक वर गेलं की टाकी इंजिनाच्या खाली जाते, इंधन वर चढायला कष्ट पडतात, मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे त्यात इंधन कमी पडतं; वर लोडही वाढलेला. इंजिन टू-स्ट्रोकमध्ये शिरतं, आवाज तीक्ष्ण होतो, जोर वाढतो. नाक खाली आलं की परत घोगरा आवाज, परत मंद. घाटात चढ लागला की न सांगता गिअर खाली टाकणारा एसटीचा ड्रायव्हर असतो ना, तसं. याला स्टंटवाले '4-2-4' म्हणतात. बरोबर जमलेलं फॉक्स ऐकायला फार गोड असतं, आणि मला ते ऐकण्यासाठी सुद्धा उडवावंसं वाटतं.

पण ते 'जमवावं' लागतं. फॉक्सचा पिस्टन लोखंडाचा, रिंग नाही, क्रँकशाफ्टला बॉल बेअरिंग नाही, ब्राँझचा बुश आहे. त्याला तेल भरपूर लागतं: इंधनात 28 टक्क्यांच्या आसपास, आणि त्यातलं निदान निम्मं एरंडेल. आजकाल आरसीसाठी तयार मिळणाऱ्या 16-18 टक्के सिंथेटिक तेलाच्या डब्यावर फॉक्स चालवलं तर पिस्टन आणि बुश दोन्ही हकनाक जातील. शिवाय त्याची एक जुनी खोड आहे: तीव्र कोपऱ्यात क्षणभर उचकी लागल्यासारखं चुकतं. बायपासच्या पोकळीत एक छोटा तुकडा बसवून लोक ती घालवतात, पण हा पहिल्याच विमानावर करायचा उद्योग नाही. फॉक्स वजनाला हलकं आहे ही त्याची मोठी जमेची बाजू. जुन्या आराखड्यांची नाकं याच वजनाला धरून काढलेली आहेत.

दुसरा रस्ता एलए 25 चा. इथे प्रॉपचं पिच कमी, फेरे जास्त: 9 इंच व्यास, 4 पिच, जमिनीवर मिनिटाला 11,000 फेऱ्यांच्या आसपास. मिश्रण ओलसर टू-स्ट्रोकवर, पण फोर-स्ट्रोकमध्ये न जाणारं. इथे जोर कमी-जास्त करण्याचं काम इंजिन फारसं करत नाही, प्रॉप करतो. कमी पिचचा प्रॉप त्याच्या 'पूर्ण वेगाच्या' जवळच फिरत असतो. विमान चढावर थोडं मंदावलं की पात्यांचा हवेशी कोन एकदम वाढतो आणि ओढ वाढते. उतारावर विमान प्रॉपच्या पुढे पळायला लागलं की तोच प्रॉप ब्रेक लावतो. 10×6 मध्ये हा परिणाम इतका ठळक मिळत नाही. म्हणून एलए 25 वर 'जरा वेग येऊ दे' म्हणून 9×6 लावायचा मोह होईल तो आवरा. वेग येईल, पण ज्यासाठी हे इंजिन निवडलं तेच निघून जाईल.

माझं मत स्पष्ट आहे: पुन्हा सुरुवात करणाऱ्याला दुसरा रस्ता. त्यात निडल दोन-चार क्लिक इकडेतिकडे झाली तरी उड्डाण बिघडत नाही. 4-2-4 मध्ये दोन क्लिकवर सगळं बदलतं, आणि तुम्ही तेव्हा लाइन्स, वारा, उलटं उड्डाण आणि स्वतःचे पाय हे सगळं एकाच वेळी सांभाळत असता.

आता 46. बॉल बेअरिंगचं आरसी 46 सायलेन्सरसह अर्ध्या किलोच्या जवळ जातं. एलए 25 त्याच्या निम्म्याच्या आसपास. तुमचं अख्खं विमान 800 ग्रॅमचं व्हायचं आहे; नाकावर पाव किलो जास्त आलं की गुरुत्वमध्य पुढे सरकतो, तो परत आणायला शेपटीत शिसं, म्हणजे वजनावर वजन. रिंगमास्टरचा आराखडा 19 ते 35 या इंजिनांसाठी आहे. त्याच्या पुढे जाऊ नका. आणखी दोन गोष्टी. एक, हे इंजिन वरच्या फेऱ्यांवर ताकद देण्यासाठी बनलेलं असतं, मधल्या फेऱ्यांवर चिकटून बसवलं तर कधी फोर, कधी टू असं मनमानी करतं. दोन, प्रोफाइल बॉडी थरथरते. मोठं इंजिन लावलं की थरथर वाढते, टाकीत इंधनाला फेस येतो, आणि मग निडल कितीही फिरवा, सेटिंग मिळत नाही. असे तास-तास निडलशी झगडणारे लोक मी मैदानावर पाहिलेत. दोष निडलचा नसतो.

याचा अर्थ 46 वाईट असं नाही. ओएसचं एलए 46 हे साध्या बुशचं, त्याच घराण्यातलं इंजिन 55-58 इंची स्टंट विमानांवर उत्तम चालतं, कारण ते हलकं आणि सौम्य आहे. मोठ्या विमानांत 60 च्या पुढची इंजिनं, ट्यून्ड पाइप, सायटोची फोर-स्ट्रोक हे सगळं येतं. पण ते विमान वेगळं, खर्च वेगळा.

इंजिनाइतकंच महत्त्व व्हेंच्युरी (इंजिनात हवा जाते ती नळी) आणि टाकीला द्या. लोक इंजिनावर महिनाभर चर्चा करतात आणि टाकी रबरबँडने बांधून मोकळे होतात. तुमच्या एलए 25 ला आरसीचा कार्ब्युरेटर असेल तर तो पूर्ण उघडा ठेवून तारेने बांधता येतो, चालतंही, पण त्याचं भोक मोठं असतं. भोक मोठं म्हणजे हवा जास्त, ओढ कमी. टाकीतून इंधन शोषायला जोर राहत नाही आणि कोपऱ्यात मिश्रण डगमगतं. कंट्रोल लाइनची साधी व्हेंच्युरी आणि त्यात आडवा स्प्रेबार, म्हणजे इंधन सोडणारी बारीक नळी, बसवा. लेथवाला ओळखीचा असेल तर ॲल्युमिनियमच्या दांड्यातून करून देतो, अवघड काम नाही. एलएमध्ये निडल मागच्या प्लास्टिकच्या झाकणावर असते आणि तिथून छोटी नळी स्प्रेबारकडे येते. या नळीतून आणि निडलच्या सांध्यातून हवा शिरते. निडल थेट स्प्रेबारवर आणली की निम्म्या तक्रारी संपतात.

टाकी 90 ते 100 मिलीची, पाचरीच्या आकाराची, युनिफ्लो जोडणीची. युनिफ्लो म्हणजे हवेची नळी टाकीत आतपर्यंत, इंधन उचलणाऱ्या नळीच्या तोंडाजवळ उघडते. त्यामुळे टाकी भरलेली असो की संपत आलेली, इंजिनाला इंधन सारख्याच दाबाने मिळतं. साध्या टाकीत सुरुवातीला ओलं आणि शेवटी पातळ होतं, आणि नेमकं शेवटीच तुम्ही ओव्हरहेड करत असता. टाकीची उंची ठरवायला डोळ्यापेक्षा घड्याळ बरं. सरळ उड्डाणाच्या फेऱ्या मोजा, उलट्या उड्डाणाच्या मोजा. उलटं असताना इंजिन पातळ, वेगात चालत असेल तर टाकी वर आहे, ती खाली सरकवा. उलटं असताना ओलं होत असेल तर वर. एकेक, दीडदीड मिलिमीटरने. प्रोफाइलमध्ये टाकीखाली फोमची पट्टी घाला आणि इंजिनाच्या लाकडी पट्ट्या कठीण लाकडाच्याच असू द्या, बाल्साच्या नाकाला दोन्ही बाजूंनी 3 मिलिमीटर प्लायचं अस्तर. हे सगळं थरथर मारण्यासाठी.

इंजिन बसवताना ते बाहेरच्या बाजूला, म्हणजे वर्तुळाच्या बाहेर, एक-दोन अंश कललेलं ठेवा. वॉशर घालून होतं. जास्त कलवून ताण विकत घ्यायचा प्रयत्न करू नका. विमान आडवं घसरत उडतं आणि उलट वेगच जातो.

इंधनाचं बोलू. ग्लो इंजिनाला, म्हणजे तापलेल्या तारेच्या ग्लो प्लगवर पेटणाऱ्या आपल्या या इंजिनांना, मिथेनॉल, तेल आणि थोडं नायट्रोमिथेन लागतं. एलए 25 ला तेल 20-22 टक्के, त्यातलं निम्मं एरंडेल, नायट्रो 5 ते 10 टक्के. एरंडेल ही आपल्याकडे सहज मिळणारी गोष्ट आहे, पण शुद्ध केलेलं, पाणी नसलेलं घ्या. औषधाच्या दुकानातल्या छोट्या बाटलीवर अवलंबून राहू नका, त्यात इतर काही मिसळलेलं असू शकतं. मिथेनॉल विषारी आहे, पोटात गेलं तर डोळे जातात आणि जीवही, आणि त्याच्या विक्रीवर त्यामुळेच निर्बंध आहेत. परवानाधारक विक्रेत्याकडून घ्या, कुलपात ठेवा, डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. त्याची ज्योत उन्हात दिसत नाही हेही घरातल्यांना सांगून ठेवा. नायट्रो मिळालं नाही तर अडू नका. 46 वाल्या आरसीला 15 टक्के नायट्रो लागतं म्हणून आपल्यालाही लागतं असं नाही. नायट्रोने सेटिंग थोडं सोपं होतं आणि जोर थोडा वाढतो, इतकंच.

हवामानाचा हिशेब मात्र इथल्या उन्हाळ्यात करावाच लागतो. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर. तेवढ्यानेच हवा पाचेक टक्के विरळ होते. त्यात एप्रिलच्या दुपारी 40 अंश धरा, तर प्रमाण मानलेल्या 15 अंशांच्या समुद्रसपाटीच्या हवेपेक्षा इथली हवा सुमारे 13 टक्के पातळ. इंजिनाला हवा कमी, प्रॉपला धरायला हवा कमी, पंखालाही कमी. अशा दिवशी निडल थोडी पातळ करावी लागते, आणि नायट्रो हाताशी असेल तर 5 चं 10 केलेलं अंगी लागतं. खरा उपाय म्हणजे सकाळी नऊच्या आत उडवणं. तेव्हा वाराही शहाणा असतो. कोकणात आणि मुंबईत वेगळी अडचण: दमट हवेत मिथेनॉल पाणी ओढतं आणि बॉल बेअरिंग गंजतात. तिथल्या लोकांना बुशचं इंजिन या एका कारणासाठी सुद्धा सुचवतो. उड्डाण संपलं की टाकीतलं इंधन जाळून टाका, नुसतं काढून ठेवू नका, आणि वर दोन-चार थेंब तेल.

वापरलेलं इंजिन घेताना काय बघायचं, हे तुम्ही विचारलं नाही, पण तिन्ही वापरलेलीच आहेत म्हणून. जुनं इंजिन बहुतेक वेळा फिरतच नाही. घाबरू नका, आणि पक्कडही लावू नका. एरंडेल वाळून लाखेसारखं झालेलं असतं. हेअर ड्रायरने किंवा पंधरावीस मिनिटं बेताच्या गरम ओव्हनमध्ये तापवा, पातळ तेल सोडा, मग हाताने हळू फिरवा. सुटलं की कॉम्प्रेशन बघा: पिस्टन वर नेऊन प्रॉप धरून ठेवला तर दाब लगेच सुटू नये. लोखंडी पिस्टनच्या फॉक्समध्ये तेल घातल्यावरचं कॉम्प्रेशन फसवं असतं. इंजिन तापल्यावर टिकतं का ते पाहा. एलए 25 च्या पिस्टन-लायनरची जात वेगळी, एबीएन: ॲल्युमिनियमचा पिस्टन, निकेल चढवलेला पितळी लायनर (निकेलऐवजी क्रोम असेल तर एबीसी). तिथे थंड इंजिन वरच्या टोकाला घट्ट अडकायला हवं. अडकत नसेल तर ते झिजलंय. मग पिस्टन वरच्या टोकाजवळ ठेवून प्रॉप अगदी थोडा पुढेमागे हलवा. टक-टक असा मोकळेपणा जाणवला तर कनेक्टिंग रॉडचं खालचं भोक खाल्लंय. शेवटी प्लगचे आटे. ते गेलेले असतील तर किंमत निम्मी करा, किंवा सरळ नाही म्हणा.

नव्या किंवा नवा लायनर घातलेल्या इंजिनाचं रनिंग-इन हा विषय इथे टाळता येत नाही, कारण दोन जातींचे नियम एकमेकांच्या विरुद्ध आहेत आणि लोक एकाचा नियम दुसऱ्याला लावून इंजिन मारतात. फॉक्ससारखा लोखंडी पिस्टन: ओलं मिश्रण, एकदोन मिनिटांचे छोटे रन, मध्ये पूर्ण थंड होऊ देणं, भरपूर एरंडेल. हे कितीतरी वेळा. एबीसी-एबीएन जात: लायनर वरच्या बाजूला निमुळता असतो आणि तापल्यावरच योग्य मापाला येतो. हे इंजिन थंड, ओलं, घुरघुरत ठेवलं तर पिस्टन अरुंद जागेवर घासून झिजतो. त्याला छोटा प्रॉप लावून लवकर टू-स्ट्रोकमध्ये आणायचं, किंचित ओलसर, गरम. दोनतीन टाक्यांत ते उडायला तयार असतं.

आता डिझेल, कारण एनसीसीचा उल्लेख तुम्ही केलात. या डिझेलला ट्रकच्या डिझेलशी काही देणंघेणं नाही. इंधन म्हणजे ईथर, रॉकेल आणि एरंडेल, अंदाजे समसमान, त्यात एक-दोन टक्के ज्वलन सुधारणारं रसायन. ग्लो प्लग नाही, बॅटरी नाही. वर एक स्क्रू फिरवून कॉम्प्रेशन कमी-जास्त करायचं. कोलकात्याच्या अरोरा इंजिनांवर भारतातल्या कित्येकांचा हात बसला. इंग्लंडची पीएडब्ल्यू आणि सोव्हिएत एमके-17 ही जगभर माहीत असलेली त्याच घराण्यातली नावं. डिझेल मोठा प्रॉप सावकाश, एकसारखा फिरवतं आणि इंधन कमी पितं. म्हणूनच एफ2सी या टीम रेसच्या प्रकारात, जिथे कमी थांबे घेऊन शंभर फेऱ्या मारायच्या असतात, तिथे 2.5 सीसी डिझेलच चालतं. शिकाऊ 26-28 इंची विमानावर 1.5 सीसी डिझेल आजही मला आवडतं. पण ईथर मिळवणं कटकटीचं, साठवणं धोक्याचं, रॉकेलही आता पूर्वीसारखं कोपऱ्यावर मिळत नाही, आणि कपड्यांचा वास दोन धुण्यांनंतरही जात नाही. जास्त कॉम्प्रेशनवर डिझेल उलटा झटका देतं तेव्हा बोटाचं काय होतं ते बोटालाच माहीत. काठी वापरा, जाड हातमोजा वापरा, कुठलंही इंजिन असो.

स्पर्धेचे बाकी प्रकार, एफ2ए स्पीड आणि एफ2डी कॉम्बॅट, दोन्ही 2.5 सीसीचे. त्यांची इंजिनं त्या-त्या कामासाठी धार लावलेली असतात. ती स्वस्तात मिळाली तरी स्टंटवर लावू नका.

इलेक्ट्रिकबद्दल सगळे विचारतात. मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), 3 किंवा 4 सेलची 2000-2500 एमएएचची बॅटरी आणि एक टायमर, एवढ्यावर तुमचं रिंगमास्टर पाच-साडेपाच मिनिटं व्यवस्थित उडेल. ईएससीला गव्हर्नर मोड असेल तर फेरे स्थिर राहतात, आणि मग वर सांगितलेला कमी पिचच्या प्रॉपचा फायदा अगदी शुद्ध स्वरूपात मिळतो. सोसायटीच्या जवळचं मैदान असेल, आवाजाची तक्रार येत असेल, तर मी आज सरळ इलेक्ट्रिकच सुचवीन. तुमच्याकडे चालू एलए 25 आहे आणि मैदान गावाबाहेर आहे, म्हणून सुचवत नाही.

लाइन्स 17 ते 18 मीटर, 0.38 मिलिमीटरची पिळाची स्टेनलेस तार. उडवण्याआधी हँडल धरून दुसऱ्याला विमान ओढायला सांगा, वजनाच्या दहापट ताण देऊन. वजनकाट्याचा स्प्रिंग मिळतो, तो वापरा. मनगटात सुरक्षेची दोरी हवीच. वीजवाहिनी वर्तुळापासून जितकी लांब वाटते त्याच्या दुप्पट लांब असू द्या. या तारा धातूच्या आहेत आणि तुमच्या हातात आहेत. वळवाचे ढग जमले की आटोपतं घ्या.

पहिल्या दिवशी 9×4, निडल अशी की नाक वर धरल्यावर फेरे किंचित वाढतील, कमी होणार नाहीत. विमान हातात धरून नाक आकाशाकडे करून ही चाचणी होते, फक्त धरणाऱ्याने प्रॉपच्या मागे उभं राहावं. फेरी 5 ते 5.3 सेकंदांत बसली पाहिजे. 4.7 च्या खाली येत असेल तर प्रॉप बदलू नका, निडल दोन क्लिक उघडा, किंवा लाइन्स थोड्या लांब करा. 5.6 च्या वर असेल आणि डोक्यावर ओढ कमी वाटत असेल तर आधी विमानाचं वजन करा. 950 ग्रॅमच्या वर भरलं तर दुरुस्ती सँडपेपरने सुरू होते, इंजिनाने नाही.

फॉक्स तेल लावून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि विकू नका. नोब्लर बांधाल तेव्हा ते लागेल, आणि तोवर तुमचे कान टू आणि फोर ओळखायला तयार झालेले असतील. 46 मित्राला परत द्या. त्याने आग्रहच धरला तर त्याच्या बदल्यात त्याच्याकडचा टॅकोमीटर, म्हणजे फेरे मोजायचं यंत्र, मागा.